मुलगी कॉलेजात गेली: आता काय सोडायचं, काय धरायचं

ठाण्यात कासारवडवलीला राहणाऱ्या एका आईचा हा प्रश्न. मुलगी नेरूळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे आणि घरूनच जाऊन-येऊन करते. फीसाठी चार लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर करून घेतलंय. "माझ्या गोष्टींमध्ये पडू नका" असं ती येता-जाता म्हणते, पण परीक्षेचा फॉर्म मात्र आईकडून भरून घेते. बाबांचं म्हणणं असं की साडेआठच्या आत घरात आलं पाहिजे आणि खर्चाचा प्रत्येक मेसेज त्यांच्या मोबाइलवर आला पाहिजे. किती मोकळं सोडायचं आणि मदत कुठपर्यंत करायची, हे आईला कळेनासं झालंय.

ताई, साडेआठच्या भांडणाकडे नंतर येऊ. आधी तो फॉर्म बघू, खरी गोम तिथे आहे.

आपल्याकडे बारावीपर्यंत घरात एक न बोललेला करार असतो. मुलांनी फक्त अभ्यास करायचा, बाकीचं सगळं आई-बाबा बघणार: क्लासची फी, सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) अर्ज, कॅप राउंडचे (केंद्रीय प्रवेश फेरीचे) पसंतीक्रम, तहसीलदारांचा दाखला, डबा. कॉलेज सुरू झालं की मुलांना पालकांचं बोलणं नको होतं, पण ही सेवा चालू राहिलेली हवी असते. यात लबाडी नसते, ती कामं होतात कशी हेच त्यांना माहीत नसतं. पालकही आपल्या बाजूने गोंधळ घालतात. कामं करत राहतात आणि त्या बदल्यात हक्क गाजवतात. "फॉर्म मी भरायचा आणि वर तुझं ऐकून घ्यायचं?" हे वाक्य तुमच्याकडेही झालं असेलच.

माझं मत असं की स्वातंत्र्य कामागणिक द्यावं. एक काम उचलून पूर्ण तिच्याकडे द्यायचं, त्यासोबत त्याचे पैसे, त्यातला निर्णय आणि त्यातली चूकही तिची. आणि दिलेलं काम पहिल्या चुकीला परत घ्यायचं नाही. बहुतेक घरांत बिनसतं ते इथेच. काम दिलेलं असतं, पण लगाम सुटलेला नसतो. मग मूल ते काम आपलं मानतच नाही.

चूक किती होऊ द्यायची? ज्या चुकीची भरपाई दोन-तीन हजार रुपयांत किंवा एका सेमिस्टरमध्ये होते, ती होऊ द्यावी. जिथे जीव, शरीर, पोलीस किंवा मोठी रक्कम यांचा संबंध आहे तिथे मध्ये पडावं, आणि तेव्हा "तिला काय वाटेल" याचा विचार करत बसू नये.

ओटीपी कोणाच्या फोनवर येतो

तुमच्या मुलीच्या आधारला कोणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे ते बघा. दहापैकी नऊ घरांत तो बाबांचा असतो. बँकेलाही बाबांचाच. सीईटी आणि कॅपच्या नोंदणीला दिलेला ईमेल एक तर आईचा, नाहीतर कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेवाल्याने उभ्या-उभ्या काढून दिलेला, ज्याचा पासवर्ड आता कोणालाच आठवत नाही. अशी मुलगी कितीही हुशार असली तरी डिजिलॉकर उघडायलाही बाबांना ऑफिसात फोन करणार. मग बाबा मीटिंगमध्ये, ओटीपी दहा मिनिटांत बाद, आणि चिडचिड दोन्हीकडे.

म्हणून पहिलं काम हे. आधार सेवा केंद्रात जाऊन तिचा स्वतःचा नंबर जोडून घ्यायचा. त्याला कागदपत्रं लागत नाहीत, बोटांचे ठसे लागतात, म्हणजे तिलाच जावं लागतं, आणि शुल्क शंभर रुपयांच्या आत आहे. तिला एकटीला पाठवा. पंधराव्या वर्षी करायचं बायोमेट्रिक अद्ययावतीकरण राहिलं असेल तर तेही तिथेच उरकून घ्यायला सांगा, कारण ठसे जुळत नाहीत हे नेमकं एखाद्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी कळतं.

ती अठरा पूर्ण करेल तेव्हा आणखी दोन गोष्टी आपोआप अडतात. बँकेतलं अल्पवयीन खातं मोठ्याच्या खात्यात बदलून घ्यावं लागतं, त्यासाठी नव्याने केवायसी आणि तिची नवी सही. तोवर व्यवहार थांबू शकतात. दुसरं, लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते, ते नव्याने करून घ्यावं लागतं. दोन्हींच्या तारखा तिच्याच फोनमध्ये, तिनेच टाकायच्या. मतदार नोंदणीचा नमुना ६ सतराव्या वर्षानंतर आगाऊ भरता येतो, तोही तेव्हाच उरकावा.

कागदांची एक गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही: नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि कुठेतरी वडिलांच्या नावात एक अक्षर कमी. आता क्रेडिट, म्हणजे विषयांचे श्रेयांक, साठवण्यासाठीचा एबीसी आणि अपार क्रमांक आधारशी जोडलेला असतो, त्यामुळे हा फरक कॉलेजच्या पोर्टलवर अडतो. सगळी कागदपत्रं जमिनीवर पसरून तिला नावं ताडून बघू द्या. तासाभराचं काम आहे. कुठे काय दुरुस्त करायचं त्याची यादी तिनेच करायची.

आता तो परीक्षेचा फॉर्म. पहिल्या सेमिस्टरला तुम्ही भरलात, तिने पाहिलं, ठीक आहे. दुसऱ्या वेळी ती भरेल आणि तुम्ही शेजारी बसाल, पण माउसला हात लावायचा नाही. तिसऱ्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत. यात नेमकं काय बिघडतं ते मात्र आधी सांगून ठेवा: विषयाचा कोड चुकीचा निवडला जातो, विशेषतः ऐच्छिक विषयांत. पैसे खात्यातून जातात पण पोर्टलवर "पेंडिंग" दिसतं. तेव्हा घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरायचे नाहीत. व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचं, तरी तसंच असेल तर एक्झाम सेलला लेखी कळवायचं. शिवाय कॉलेजात फॉर्मची प्रिंट सही करून जमा करायची असेल तर ते केल्याशिवाय फॉर्म "भरला" असं समजायचं नाही. कितीतरी मुलं ऑनलाइन भरून निर्धास्त राहतात.

लेट फी भरावी लागली तर ती तिच्या पैशातून जाऊ द्या. पण फॉर्म मुळातच राहिला तर सेमिस्टर जातं, म्हणून शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी एकदा विचारायचं: "फॉर्म झाला?" तेवढंच. "दाखव बघू" नको.

याच ओघात महाडीबीटीचं, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं, बघा. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. कुटुंब ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी प्रवर्गात बसत असेल, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप फेरीतून झाला असेल तर ती मिळते; व्यवस्थापन कोट्यातून झालेल्या प्रवेशाला नाही. तुम्ही यात बसत असाल तर कर्जाचे पुढचे हप्ते उचलण्याआधी हे तपासा, चार लाखांची गरजच कमी होईल. बसत असूनही लाभ सुटतो तो मुख्यतः तीन कारणांनी: दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरायचा राहतो, बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा नॉन-क्रीमी लेअरच्या दाखल्यावर छापलेली मुदत उलटून गेलेली असते. दाखल्यासाठी लागणारे तुमचे उत्पन्नाचे कागद तुम्ही द्या. अर्ज, पाठपुरावा आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवरची रांग तिची.

पैसे

बाबांना प्रत्येक खर्चाचा मेसेज हवाय, यामागची काळजी समजते. पण होतं असं की दुपारी दीड वाजता मेसेज येतो, "₹१८०", आणि बाबांचा लगेच फोन: "एकशेऐंशी कशाला?" ती मैत्रिणींसमोर उत्तर देते. पुढच्या महिन्यापासून ती रोख काढून खर्च करते किंवा मैत्रिणीच्या फोनवरून पैसे देते. बाबांना मेसेज येत नाही आणि माहितीही मिळत नाही. ज्या देखरेखीला सहज बगल देता येते ती देखरेख लपवाछपवीच शिकवते.

यूपीआय सर्कल नावाची सोय आहे, त्यातून तिला तुमच्या खात्यातून खर्च करता येतो. त्यातल्या ज्या प्रकारात प्रत्येक खर्चाला तुमची मंजुरी लागते, तो कॉलेजच्या मुलीसाठी टाळाच. दुसऱ्या प्रकारात महिन्याची मर्यादा ठरवून देता येते, कमाल ₹१५,००० आणि एका वेळी ₹५,०००. पण त्याहूनही तिचं स्वतःचं खातं आणि एक तारखेला ठरलेली रक्कम हेच सरळ. मर्यादा खात्यातल्या शिलकीनेच पडते.

रक्कम अंदाजाने ठरवू नका. एक महिना तिला सगळा खर्च फोनमध्ये लिहायला सांगा, हिशेब मागण्यासाठी नाही, रक्कम ठरवण्यासाठी. समजा असं निघालं: लोकलचा पास वगळून बस-रिक्षा ₹१,५००, मोबाइल रिचार्ज ₹३००, कँटीन ₹१,०००, झेरॉक्स-जर्नल-फाइल ₹४००, स्वतःचा खर्च ₹८००. झाले ₹४,०००. डबा घरून असतो म्हणून कँटीनचे हजार पुरतात, डबा बंद केला तर पुरणार नाहीत, हे तिलाच गणित करून कळू द्या.

पहिले दोन महिने दर सोमवारी हजार द्या. महिन्याची रक्कम एकदम हातात आली की पहिल्या आठवड्यात सीवूड्सच्या मॉलमध्ये निम्मी संपते, हे जवळपास ठरलेलं. आठवडा निभावता आला की महिन्याचे द्या. दुसऱ्या वर्षापासून पुस्तकं, कपडे आणि फेस्टचा खर्च धरून सेमिस्टरचे एकदम दिले तरी चालतील.

वीस तारखेला पैसे संपले तर? तिचा पास आहे, घरचा डबा आहे, रात्रीचं जेवण आहे. उपासमार होणार नाही. त्यामुळे भर घालू नका. सेमिस्टरमध्ये एकदा उसनं मिळेल आणि पुढच्या महिन्यात ते कापलं जाईल, हा नियम आधीच सांगा. आजी हळूच पाचशे देणार हे गृहीत धरा, त्यावरून घरात महाभारत नको. एक अपवाद: ओळखपत्राच्या कव्हरमध्ये पाचशेची नोट कायम असली पाहिजे, फोन बंद पडला किंवा यूपीआय अडलं तर घरी येण्यासाठी. ती खर्च झाली तर काहीही न विचारता परत भरून द्यायची.

पासचं काम पूर्ण तिचं. कॉलेजातून कन्सेशनचा फॉर्म घ्यायचा, त्यावर सही-शिक्का, मग ठाणे स्टेशनच्या खिडकीवर सवलतीचा पास. तिमाही पास तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो. फॉर्मची मुदत थोड्या दिवसांची असते, त्यामुळे "उद्या काढते" म्हणता म्हणता कॉलेजात दुसरा फॉर्म मागण्याची वेळ येते. संपलेल्या पासावर टीसीने पकडलं तर भाडं आणि वर किमान ₹२५० दंड. ही चूक होऊ द्यावी अशीच आहे.

अभ्यासात किती लक्ष घालायचं

कमी. पण डोळे मिटून नाही.

शाळेसारखी ओपन हाउस इथे नसते, आणि प्राध्यापकांना फोन करणारे पालक कॉलेजात मुलांचीच पंचाईत करतात. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या आईकडून बातम्या काढणंही नको. त्याऐवजी सेमिस्टरच्या सुरुवातीला तिच्याकडून तीन तारखा मागा: अंतर्गत परीक्षा, सबमिशन, परीक्षेचा फॉर्म. त्या फ्रिजवर लावा. या तारखांच्या आसपास घरात पाहुणे, लग्नं, गावची जत्रा ठरवताना त्या बघणं हे तुमचं काम. पालकांची ही मदत सगळ्यात उपयोगी असते आणि सगळ्यात कमी केली जाते.

हजेरीचं मात्र एकदा नीट समजावून सांगा, कारण बारावीत क्लासच्या जोरावर कॉलेज बुडवायची सवय झालेली असते. इथे ७५ टक्के लागतात. त्याखाली गेलं की डिफॉल्टर लिस्ट, मग पालकांची सही, हमीपत्र. अंतर्गत गुण आणि टर्मवर्क प्रात्यक्षिकांशी बांधलेलं असतं. जर्नल, म्हणजे प्रयोगवही, सर्टिफाय झालं नाही तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसण्याची मारामार. सोळा प्रयोग शेवटच्या दोन रात्रींत उतरवून काढणं ही इंजिनिअरिंगची परंपरा आहे. त्या रात्री तुम्ही चहा करून द्या हवं तर, पण आकृत्या काढून देऊ नका. हसू नका, आकृत्या काढून देणारे वडील असतात.

डिफॉल्टर म्हणून कॉलेजने बोलावलं तर जा. तिथे बोलायचं तिने. तुम्ही तिच्या वतीने आजारपणाचं कारण रचलंत तर पुढची चार वर्षं तेच करत बसाल.

आणि केटी, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढे जाणं. पहिल्या वर्षी एक-दोन विषय राहणं इंजिनिअरिंगमध्ये नवलाचं नाही. गणित किंवा मेकॅनिक्स राहिलं की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला: स्टेशनजवळचा क्लास लावा. थांबा. आधी कारण शोधू द्या. लेखी परीक्षेत राहिली की अंतर्गत गुणांत? बहुतेक ठिकाणी दोन्हींत वेगळं पास व्हावं लागतं, आणि अंतर्गतमध्ये राहिली असेल तर क्लासचा उपयोग शून्य. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची असेल किंवा पुनर्मूल्यांकन करायचं असेल तर निकालानंतर त्याची मुदत थोडीच असते, त्यामुळे रडण्यात आठवडा घालवायचा नाही. फोटोकॉपी हातात आली की दिसतं: प्रश्न सुटले नव्हते, वेळ पुरला नव्हता, की इंग्रजीत लिहिताना अडलं होतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं शेवटचं कारण फार वेळा असतं आणि ती ते कबूल करत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे जुने पेपर वेळ लावून हाताने लिहिणं, दर आठवड्याला एक. एवढं करूनही विषयच डोक्यात शिरत नसेल तर क्लास लावावा, तिने मागितल्यावर, एकाच विषयाचा.

किती विषय राहिले तर पुढच्या वर्गात जाता येतं याचे नियम स्वायत्त कॉलेजांत वेगळे असतात. ते तिने कॉलेजच्या नियमपुस्तिकेतून वाचून तुम्हाला सांगायचे, तुम्ही शेजारच्या दादाला विचारून तिला नाही.

आता साडेआठ

वेळ मोजून बघा. प्रात्यक्षिक सव्वापाचला सुटलं, नेरूळहून ठाणे लोकल मिळाली, साधारण अर्धा-पाऊण तास. ठाणे स्टेशनवरून बसची रांग आणि मग संध्याकाळचा घोडबंदर रोड. माजिवड्यापासून पुढे कधी चाळीस मिनिटं, कधी सव्वा तास. सगळं सुरळीत झालं तर सात-सव्वासातला घरी. ज्या दिवशी प्रोजेक्टचा ग्रुप साडेसहापर्यंत थांबला, त्या दिवशी साडेआठ हुकलेच. म्हणजे तुमचा नियम तिला दोनच रस्ते ठेवतो: ग्रुपचं काम सोडून उठायचं, नाहीतर खोटं बोलायचं. आणि तिच्या धाकट्या भावाला पुढे हाच नियम लावणार आहात का, हेही बाबांना विचारा. ती विचारणारच आहे.

ठरलेल्या वेळेऐवजी कळवण्याचा नियम करा. आठपर्यंत घरी येत नसेल तर सातच्या आत एक मेसेज: कुठे, कोणासोबत, साधारण किती वाजता. हे परवानगी मागणं नव्हे, त्यामुळे उत्तरात "कशाला?" लिहायचं नाही, "बरं" लिहायचं. दहानंतर ठाणे स्टेशनवर पोचणार असेल तर घरातलं कोणीतरी घ्यायला जाईल, आणि गाडीत बसल्यावर त्या रात्री एक शब्द बोलायचा नाही. काय बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. गाडीत बोलणी खावी लागतात म्हणून मुली रात्री अकराला एकट्या रिक्षाने येतात.

फोनमध्ये कायमचं लोकेशन चालू ठेवायची सक्ती नको. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांसाठी देता येतं. उशिराच्या प्रवासाला तिने स्वतः एक तासाचं द्यावं. रेल्वे पोलिसांचा १५१२ आणि आपत्कालीन ११२ हे नंबर फोनमध्ये असावेत, आणि रात्री महिला डब्यात पोलीस कुठल्या बाजूला बसतो हे तिला माहीत असावं.

जिथे मध्ये पडायचंच

एक वाक्य आजच सांगून टाका, प्रसंग येण्याची वाट न बघता: "काहीही झालं आणि तू येऊन सांगितलंस, तर फोन काढून घेणार नाही आणि कॉलेज बंद करणार नाही." फसवणूक किंवा धमकी लपवली जाते ती याच दोन शिक्षांच्या भीतीने. पुढची सगळी संकटं या वाक्यावर अवलंबून आहेत.

त्यातलं सध्या सगळ्यात फसवं म्हणजे खातं भाड्याने देणं. "तुझ्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठव, महिन्याला पाच हजार तुझे." असं सांगणारा बहुतेक वेळा कॉलेजातलाच सीनियर असतो. ते पैसे कोणाच्यातरी फसवणुकीचे असतात, खातं गोठतं आणि पोलिसांचा पहिला फोन खातेदाराला येतो. दुसरं, झटपट कर्ज देणारी ॲप्स, जी फोनमधले संपर्क आणि फोटो उचलून बदनामीची धमकी देतात. तिसरं, व्हिडिओ कॉलवरून खंडणी. तिन्हींत पैसे देऊन सुटका होत नाही, मागणी वाढते. सायबर फसवणुकीसाठी १९३० वर लगेच फोन करायचा. जितक्या लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे, तरी ग्रुपवर लिंका फिरतातच.

रॅगिंगच्या बाबतीत "थोडं सहन कर" हे वाक्य घरात उच्चारायचं नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. यूजीसीची मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ आहे. दरवर्षी मुलांनी आणि पालकांनी रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरायचं असतं. ते भरताना दोघींनी मिळून वाचा, बोलण्याचं निमित्त होतं.

मनाच्या तब्येतीची खूण मार्कांत उशिरा दिसते, आधी झोपेत आणि जेवणात दिसते. दोन आठवडे झोप उलटीसुलटी, डबा तसाच परत, मैत्रिणींचे फोन घेत नाही, कॉलेजला निघते पण पोचत नाही असं कळलं, तर तो आळस समजू नका. कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. "मी नसते तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं काही बोलली तर त्या दिवशी तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

घर आणि कर्ज

घरून जाऊन-येऊन करणाऱ्या मुलांची एक अडचण असते. हॉस्टेलची मुलं कपडे धुणं, मेसचा हिशेब, आजारपणात स्वतः औषध आणणं हे नाइलाजाने शिकतात. घरी आयता चहा मिळतो. म्हणून घरातलं एक संपूर्ण काम तिच्या नावावर करा. "मदत कर" नको, कारण मदतीत आठवण ठेवायचं काम तुमच्याकडेच राहतं. महावितरणचं बिल भरणं चांगलं आहे, कारण त्याला तारीख असते, किंवा आजीच्या गोळ्या संपण्याआधी आणून ठेवणं. आठवड्यातला एक रात्रीचा स्वयंपाकही द्या, भाजी आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. पहिले चार आठवडे मुगाची खिचडीच होणार. खा मुकाट्याने. स्वयंपाकघरात जाऊन "हिंग आधी घाल" म्हणालात की काम तुमच्याकडे परत आलं.

कर्जाचं तिच्यापासून काही लपवू नका. कागदावर मुख्य कर्जदार तीच आहे, तुम्ही सहकर्जदार. तरी बऱ्याच मुलांना हप्ता किती येणार हे नोकरी लागल्यावर कळतं. हिशेब असा मांडून दाखवा. व्याज दहा टक्के धरू, दरवर्षी एक लाख उचलले, चार वर्षं शिक्षण आणि पुढे एक वर्ष सवलत. या काळात बहुधा सरळ व्याज लागतं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, तिसऱ्यावर ३०,०००, चौथ्यावर २०,०००. म्हणजे १,४०,००० व्याज, एकूण ५,४०,०००. सात वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला सुमारे ₹९,०००. तेच व्याज शिकत असतानाच भरत गेलात, पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ₹८३३, तर शेवटी चारच लाख राहतात आणि हप्ता सुमारे ₹६,६५०. शिवाय असं व्याज भरणाऱ्यांना अनेक बँका दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देतात, ती मागून घ्यावी लागते. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते.

हे व्याज तुम्ही भराल की ती? दुसऱ्या वर्षापासून सोसायटीतल्या आठवी-नववीच्या दोन मुलांना गणित शिकवून ती तेवढं सहज मिळवेल. कमाई आठवड्याला दहा-बारा तासांच्या वर जाऊ देऊ नये, त्यापुढे हजेरी ढासळते. तिसऱ्या वर्षी ऐरोली-महापेच्या कंपन्यांतून इंटर्नशिप बघेल, तेव्हा एवढंच सांगा की नोंदणी किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली आधी पैसे मागणारा मालक नसतो. बाकी कंपनी कुठली, काम कुठलं, हे तिचं तिला ठरवू दे, अगदी तुमच्या भावाच्या ओळखीची जागा तिने नाकारली तरी.

आणि तिसऱ्या वर्षापर्यंत ती म्हणेलच की प्रवासात रोज साडेतीन-चार तास जातात, नेरूळलाच मैत्रिणींसोबत खोली घेते. तेव्हा "आम्ही आहोत ना इथे" या भावनेवर निर्णय करू नका, आकडे मागा: भाड्यातला वाटा, अनामत, वीज, डबा, आणि पास-रिक्षाचे वाचणारे पैसे. ते तिने मांडले आणि तुम्हाला झेपत असतील तर एका सेमिस्टरपुरतं करून बघायला हरकत नाही. खोली बघायला एकदा सोबत जा, पण घरमालकाशी बोलणं तिने करायचं. कुलूप, संडास-बाथरूम, पाण्याची वेळ आणि स्टेशनपासूनचा रस्ता रात्री कसा असतो हे बघायचं, म्हणून संध्याकाळी सातनंतर जा. करारात तिचं नाव असलंच पाहिजे, अनामत बँकेतून द्यायची, रोख नाही. लिव्ह अँड लायसन्सचा (भाड्याचा) करार नोंदवणं ही महाराष्ट्रात कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. "मुलींसाठी कशाला एवढं" असं तो म्हणाला, तर दुसरी खोली बघायची.